फोटोतल्या भिंतीचा रंग

भिलाईहून फोटो आला तेव्हा रुखमाबाईनं त्यात सगळ्यात आधी मुलगा पाहिला. तो वाळला होता. मग सून पाहिली. ती वाळली नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा असं तिला वाटलं, पण उकंडा समोर बसला होता म्हणून ती बोलली नाही. उकंडा नात्यानं तिचा दीर आणि हुद्द्यानं वस्तीच्या समितीचा सेक्रेटरी. कुणाकडे दोन ओळींचा कागद आला तरी तो वाचायला उकंडाला बोलवायचं, अशी पद्धत पडली होती. फोटोच्या मागं दोनच ओळी होत्या. उकंडानं त्या उभं राहून वाचल्या.

"आम्ही खुशाल आहोत. हे आमचे घर."

म्हणून मग रुखमाबाईनं घर पाहिलं. फोटोत घर असं फार नव्हतं. खुर्चीवर भीमराज, खुर्चीला हात लावून विमल, आणि दोघांच्या मागं भिंत. भिंतीला खिळा नाही, कोनाडा नाही, कंदिलाच्या काजळीचा डाग नाही. नुसती भिंत. रुखमाबाई ती भिंत इतका वेळ पाहत राहिली की उकंडाला वाटलं, आपण वाचण्यात काही गाळलं.

"काय पाहून राह्यली वैनी?"

"राखी हाय," रुखमाबाई म्हणाली.

आता हे राखी प्रकरण समजायला मागचं थोडं ठाऊक हवं. भीमराज हा डोमाजी आणि रुखमाबाईचा एकुलता मुलगा. भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाच तो तिकडे गेला आणि कारखान्याबरोबर स्वतःही उभा राहिला. लग्नासाठी आला तेव्हा चांगली लांब सुटी घेऊन आला होता. पण हळद उतरायच्या आत परत निघाला. मोटारीत चढताना म्हणाला, "माय, इथं झोप येत नाई वं." एवढंच. पोरानं सहज म्हटलं असेल, जागेवर बसेपर्यंत विसरलाही असेल. रुखमाबाईनं ते वाक्य दोन वर्षं पुरवलं. खाटेचा सुंभ बदलला. गोधड्या उकळल्या. लिंबाच्या पाल्याची धुरी देऊन ढेकूण मारले, नव्हते तेही मारले. पहाटे आरवणारा कोंबडा एका रविवारी कापला, तेव्हा डोमाजीनं जेवता जेवता मुलाचे मनापासून आभार मानले.

पण भीमराज आला नाही. यायचा तो हिंगणघाटला सासरी, आणि तिथूनच परत जायचा. सासर कापडगिरणीच्या कुंपणाला लागून. रात्रपाळीची गिरणी शेजारी धडधडत असताना तिथं जावई म्हणे असा घोरतो की घरच्यांना झोप येत नाही. ही बातमी विहिणीनंच कौतुकानं पाठवली होती. त्यानंतर बरेच दिवस रुखमाबाईला अन्न गोड लागलं नाही. लोकांच्या घरी पोरगं घोरते, आणि इथं डोळा लागत नाही.

फोटोनं ते कोडं सोडवलं. ज्याला रोज राखी भिंत बघत झोपायची सवय, त्याला निळ्यात झोप येईल कशी?

घर निळं होतं. छप्पनच्या दसऱ्याला नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि गावात परतल्यावर वस्तीतली सगळी घरं आतून-बाहेरून निळी झाली. चुन्यात नीळ इतकी पडली की त्या साली राळेगावच्या बाजारात धोतरं पिवळी दिसू लागली होती. तो निळा डोमाजीनं स्वतःच्या हातानं दिला होता, आणि दरवर्षी पौर्णिमेच्या आधी पुन्हा देत होता.

तो राळेगावला जिनात हमाल होता, कापसाच्या गाठी उचलायचा, आणि उचलता येत नाही अशा गोष्टीशी भांडायचं नाही हे त्याचं धोरण होतं. तरी त्यानं एकदा प्रयत्न केला.

"भीमराजची माय, फोटो काळा-पांढरा असते. त्यात रंग कुठचा आला?"

रुखमाबाईनं याचा विचार करून ठेवला होता. "पोराचा सदरा पांढरा हाय. तो पांढरा आला नं?"

"आला."

"सुनेचे केस काळे. काळे आले नं?"

"आले."

"मंग राखी जे हाय ते राखीच आलं असन. फोटोले काय पडलं हाय खोटं बोलाचं?"

डोमाजीनं फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तिचं लुगडंही राखी आलं."

"असन राखी."

"तिचं तोंडही राखी आलं."

रुखमाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "भिलाईत धूर लय हाय म्हन्ते," ती म्हणाली, आणि फोटो फळीवर हळदीच्या डब्याला टेकवून ठेवला.

तो तिथंच राहिला. भाकरी उलटवली की ती हात तसाच पुढे करून फोटो उचलायची, बघायची, ठेवायची. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत त्या फोटोला चुलीचा धूर, फोडणीची वाफ आणि हळदीचं बोट रोज लागलं. शिमग्याच्या सुमारास भिलाईची भिंत उबदार दिसू लागली. कोरडी राखी राहिली नाही. वरून राख आणि खाली कुठंतरी अजून निखारा, अशी झाली. मुलगा-सुनेच्या तोंडावरही तेज आलं.

आणि मग पत्र आलं. उकंडानं ओट्यावर उभं राहून वाचलं: वैशाखात पौर्णिमेला येतो. दोन दिवस राहीन. पुढे सुटी आहे तोवर हिंगणघाटला.

दोन दिवस. रुखमाबाईनं पत्र उकंडाच्या हातातून घेतलं आणि वाचता येत नसताना पुन्हा एकदा वाचलं. मग पदर खोचला.

"घर रंगवा लागते," ती म्हणाली.

डोमाजीला फोटो घेऊन यवतमाळला जावं लागलं. तिथं रंगाचं मोठं दुकान होतं. दुकानदारानं हिरवा दाखवला, गुलाबी दाखवला, मलईचा दाखवला. राखी एकच होता, तोही तेलाचा. लोखंडी कपाटांना आणि इंजिनांना देतात तसला. डोमाजीनं झाकणावर बोट टेकवलं. रंग थंड होता. पाण्यात पडून राहिलेल्या माणसासारखा. त्यानं धोतराच्या सोग्यातून फोटो काढून दाखवला आणि हा पाहिजे म्हणाला.

दुकानदारानं फोटो पाहिला, दिवाणजीला दाखवला, आणि दोघं हसले. "बाबा, फोटू में सबकी दीवाल ऐसीच आती," दुकानदार म्हणाला.

हेच डोमाजी शिमग्याच्या आधीपासून घरी सांगत होता. पण ते बायकोला सांगणं वेगळं आणि दुसऱ्यानं बायकोला हसणं वेगळं. तो ताठ झाला. "पोराचा सदरा पांढरा, तो पांढरा आला," तो म्हणाला. "सुनेचे केस काळे, ते काळे आले. मंग राखी काहून राखी येनार नाई?" दुकानदारानं डब्याचं झाकण लावलं. डोमाजी फोटो सोग्यात बांधून संध्याकाळच्या मोटारीनं परत आला.

"त्यायच्यापाशी आपला रंग नाई," त्यानं घरी सांगितलं. रुखमाबाईनं त्याला गुळाचा चहा दिला, नेहमीपेक्षा गोड.

म्हणून रंग घरीच करायचं ठरलं. चुना भट्टीवरून आला. राख चुलीत होतीच, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या काड्यांची, पांढुरकी. रुखमाबाईनं ती धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळली आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर पहिला पट्टा ओढला. वाळल्यावर खालची नीळ वर आली आणि पट्टा जखमेसारखा निळाजांभळा दिसू लागला. दुसऱ्यात राख जास्त पडली, तो उंदराचा झाला. तिसऱ्यात कोळसा कुटून घातला, तो म्हशीचा झाला. चौथा ढगाचा. भिंत बघायला वस्तीतल्या बाया येऊ लागल्या. प्रत्येकीनं फोटो हातात घेऊन भिंतीला लावायचा, एक डोळा मिटायचा आणि मान हलवायची, असा शिरस्ता पडला. इंदूबाई शेजारीण तर दिवसातून दोनदा यायची. तिला रंगापेक्षा विमलच्या पोटाकडे जास्त लक्ष द्यायचं असावं, पण फोटोत पोट खुर्चीच्या मागं गेलं होतं.

उकंडा आला तेव्हा भिंतीवर आठ-दहा पट्टे होते आणि रुखमाबाई राखेनं पांढरी झाली होती. तो दारातच थांबला. समितीचा सेक्रेटरी म्हणून बोलावं की दीर म्हणून, हे त्याचं ठरेना, म्हणून तो दोन्ही म्हणून बोलला. पौर्णिमेच्या तोंडावर निळ्यावर दुसरा रंग चढवायचा, लोक काय म्हणतील, वगैरे.

"बाहीरून निळंच राहीन," रुखमाबाई पट्टा ओढत म्हणाली. "बाहीरची भिंत समाजाची. आतली माही."

उकंडाला यात दम वाटला, म्हणून त्यानं मुद्दा बदलला. "पण वैनी, राख. घराले राख फासते का कोनी? राख म्हंजे मसनातली वस्तू. अशुभ असते."

रुखमाबाईनं हातातला कुंचा खाली ठेवला. "उकंडा, गेल्या पौर्निमेले भाषन कोनं देल्लतं? शुभ-अशुभ आपुन नागपुरात सोडून आलो, तं पुन्हा घरात आनू नका म्हनून?"

"मीच," उकंडा म्हणाला.

"टाळ्या बी मीच वाजवल्या होत्या," रुखमाबाई म्हणाली. "मले खरं वाटलं होतं."

उकंडा दारातून आत आला. मग त्यानं फोटो मागितला, भिंतीला लावला, एक डोळा मिटला. "यात गरमी नाई," तो म्हणाला. "फोटोतला गरम हाय."

ते तिलाही दिसत होतं. गेरू घालून पाहिला, तर भिंत विटेसारखी झाली. शेवटी एका दुपारी तिनं फोटो पुन्हा हळदीच्या डब्याला टेकवला, डब्याकडे पाहिलं, आणि चिमूटभर हळद राखेच्या घमेल्यात टाकली. चुना लागताच हळद लाल झाली. डोमाजीनं डोक्याला हात लावला. पण रुखमाबाईनं तो लालसर पट्टा ओढला आणि वाळू दिला. संध्याकाळपर्यंत लाली विरली, आणि मागं राहिला तो पारवा. कवेलूच्या वळचणीला बसणाऱ्या पारव्याच्या मानेखाली असतो तो. राखी, पण हात लावला तर आत जीव धडधडेल असा.

इंदूबाईनं फोटो लावला आणि डोळा मिटायचीही विसरली.

दोन्ही खोल्या पारव्या झाल्या. डोमाजीनं वरचा हात मारला, रुखमाबाईनं खालचा. काम संपल्यावर ती खाटेवर आडवी झाली, भीमराज झोपतो त्या बाजूला तोंड करून. "येईन झोप," ती म्हणाली, आणि तिलाच लागली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भीमराज आणि विमल आले. भीमराज फोटोपेक्षाही वाळका निघाला. विमलच्या लुगड्याचा रंग जांभळा होता आणि तोंडाचा सावळा, हे डोमाजीनं गुपचूप टिपून घेतलं. रुखमाबाई आत दाराआड उभी राहिली. तिला मुलाचा चेहरा पाहायचा नव्हता. भिंत पाहताना मुलाचा चेहरा पाहायचा होता.

भीमराज आत आला, थांबला. चहूकडे पाहिलं. "रंग देल्ला वाटते," तो म्हणाला.

"कसा हाय?"

"थंडावा वाटून राह्यला."

तिला गरम हवा होता, पण वैशाखात थंडावा म्हणजे स्तुतीच. ती पुढे झाली. आता तो ओळखेल, मग ओळखेल, म्हणून वाट पाहू लागली. भीमराजनं टोपी खुंटीला लावली आणि पाणी मागितलं.

बोलली ती विमल. तिनं भिंतीवरून हात फिरवला. "किती चांगला रंग हाय, आत्याबाई. पारव्यासारखा. कुठून आनला?"

"आनला कुठून?" रुखमाबाई म्हणाली. "तुमच्याच घरचा हाय नं."

विमल हसली. "आमचं घर तं हिरवं हाय."

डोमाजीला त्याच वेळी खोकला आला. मोठा आला, पण उशिरा आला. विमल बोलून गेली होती की कारखान्याच्या सगळ्या घरांना कंपनी एकच हिरवा देते, आतून-बाहेरून. मग तिला फळीवर हळदीच्या डब्याला टेकलेला फोटो दिसला. तिनं फोटो पाहिला, भिंत पाहिली, सासूच्या नखांत बसलेली राख पाहिली, आणि तिचं बोलणं मध्येच थांबलं.

भीमराजलाही दिसलं. पाण्याचा गडवा हातात तसाच राहिला. "माय, हे तू माह्यासाठी..."

"कसा हिरवा?" रुखमाबाईनं विचारलं.

"राहू दे नं वं. हाच चांगला हाय."

"मी चांगला नाई पुसून राह्यली. कसा हिरवा, थे सांग. पोपटाचा का शेवाळाचा?"

भीमराजला सांगता येईना. पाळीवर जाणारा माणूस. घरात असतो तेव्हा झोपलेला असतो, जागा असतो तेव्हा घरात नसतो. "हिरवा म्हंजे... हिरवा," तो म्हणाला.

"आता तूच हायेस तं फोटोचं काम नाई," रुखमाबाई म्हणाली. "मी करतो, तू पाह्य."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा झाली. वंदना झाली, खीर झाली, उकंडाचं भाषण झालं. या वेळी त्यानं शुभ-अशुभाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी निघायचं, तर रुखमाबाईनं पहाटेच चुन्यात नीळ आणि रामरज, म्हणजे बाजारात मिळते ती पिवळी माती, कालवून ठेवली होती आणि पारव्या भिंतीवर हिरवा पट्टा ओढला होता.

"पाह्य," ती म्हणाली.

भीमराजनं पाहिलं. वाळल्याशिवाय कसं सांगणार? वाळला तेव्हा मोटार गेली होती, आणि रंग पोपटाचा निघाला होता. "नाई," तो म्हणाला. "इतका नाई."

त्यानंतर रोज सकाळी एक हिरवा होऊ लागला. कधी मोड आलेल्या मुगाचा, कधी कच्च्या आंब्याचा, कधी निव्वळ दवाखान्याचा. भीमराज जवळ जायचा, लांब जायचा, आईनं शिकवल्यासारखा एक डोळा मिटायचा. "थोडा पिवळा जास्त हाय," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी, "आता कमी झाला." तो सदरा काढून स्वतःच रामरज चाळायला बसू लागला. कारखान्यात याच्यापेक्षा अवघड कामं रोज करणारा माणूस पिवळ्या मातीच्या दोन ढेकळांना दुपार लावत होता.

मुगाचा पट्टा वाळला त्या दिवशी विमल म्हणाली, "हाच! अगदी हाच हाय."

"हा नाई," भीमराज म्हणाला.

"अहो, रोज मी पाहतो नं ती भिंत. दिवसभर तेच तं पाहतो."

"हा जरा उजळ हाय."

विमलनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. तिनं पुन्हा पट्टा पाहिला. "व्हय," ती म्हणाली. "जरा उजळ हाय." आणि उठून भाजी चिरायला बसली. तिनं त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली.

रुखमाबाईला अडाणी समजायचं कारण नाही. मूग म्हणजे मूग, तिलाही दिसत होता. पण तिनं त्यावर लगेच कुंचा फिरवून टाकला. जो रंग जमेल तो भीमराजला दाराबाहेर घेऊन जाईल, हे घरातल्या चौघांनाही कळलं होतं. म्हणून चौघांचंही रंगाच्या बाबतीत अतोनात बारीक लक्ष होतं. डोमाजीनंही एकदा मत दिलं. त्याला हिरवा आणि निळा यातला फरक संध्याकाळी दिसत नसे, पण त्यानं दिलं.

त्याच आठवड्यातली एक दुपार. रुखमाबाई अंगणाच्या कडेला उखळात रामरजेची ढेकळं कुटत होती आणि भीमराज आत भिंतीपाशी खाली बसला होता. बसल्या बसल्या त्याची मान कलली. आधी तिला वाटलं, रंग पाहतो आहे. मग घोरणं ऐकू आलं.

तिचा हात थांबला. तिला ते नीट ऐकायचं होतं. हात थांबला तसं घोरणंही थांबलं. भीमराज चुळबुळला, डोळे किलकिले केले. तिनं लगेच मुसळ उचललं. धप्प. धप्प. त्याची मान पुन्हा कलली, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

रुखमाबाई कुटत राहिली. ढेकळांचं पीठ झालं, पिठाची धूळ झाली, ती तिनं सुपात काढून घेतली आणि रिकामं उखळ कुटत राहिली. इंदूबाई कुंपणावरून वाकून काय कुटते म्हणून विचारू लागली तेव्हा रुखमाबाईनं नुसतं बोट ओठावर ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं धप्प. ऊन भिंतीवरून सरकून गेलं. विमल आतून आली, सासूच्या हातातलं मुसळ न बोलता घेतलं आणि स्वतः कुटू लागली. मग दोघी आळीपाळीनं कुटत बसल्या, रिकाम्या उखळाच्या दोन बाजूंना.

"हिंगनघाटाले असाच झोपते काय?" रुखमाबाईनं हळू विचारलं.

"असाच," विमल म्हणाली. धप्प. "तिथं गिरनी कुटते."

हे म्हणून ती थांबली नाही. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, सासूला भाजीत मीठ किती हे सांगावं तसं ती म्हणाली, "माही माय रोज मोटारीच्या टायमाले नाक्यावर येऊन उभी राहत असन, आत्याबाई. दोन दिवसांनं येतो म्हनून लिवलं होतं."

रुखमाबाईनं मुसळ हातात घेतलं. पाळी तिची होती. तिनं कुटलं. ती बाई तिला दिसली. विहीण म्हणून आजवर तिनं तिला जावयाच्या घोरण्याची बढाई मारणारी, एवढीच ओळखली होती. आता ती नाक्यावर उभी दिसली, कपाळावर हात धरून, मोटारीतून उतरणारे मोजत.

"काहून नाई सांगतलं आंधी?" ती म्हणाली.

"तुमी बी तं उभ्याच होत्या नं," विमल म्हणाली. "दोन वर्सं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं पट्टा ओढला नाही. एक मोठं घमेलं भरून मुगाचा हिरवा केला आणि भीमराज झोपायचा त्या खाटेजवळची आख्खी भिंत, वरपासून खालपर्यंत, एकटीनं रंगवली. डोमाजी उठून पाहतो तर काम आटपत आलेलं. तिनं मुलाला हाक मारली.

"पाह्य. हाच हाय नं?"

भीमराज उभा राहिला. भिंत ओली होती, हिरवी होती, आणि त्याला बहुधा पहिल्यांदाच आपल्या भिलाईच्या घराची भिंत स्पष्ट आठवली. त्यानं विमलकडे पाहिलं. ती मागं उभी होती, आणि या खेपेला तिनं कसलीच मदत केली नाही. त्यानं पुन्हा आईकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रंग होता.

"जरा..." तो म्हणाला.

"जरा-बिरा नाई. हाच हाय. मले माहीत हाय." ती कुंचा घमेल्यात झटकत होती. "सकाळची मोटार यवाची हाय अजून. सुनबाई, भाकरी बांधून ठेवली हाय. उन्हात उभं ठेवू नको वं तुह्या मायले."

विमल आत गेली. गाठोडं बांधल्याचा आवाज आला. डोमाजी मोटार थांबवायला रस्त्याकडे निघाला, आणि जाता जाता, कुणी विचारलं नसताना, दारातून सांगून गेला, "सकाळची गेली तरी संध्याकाळची हाय बरं. राळेगावावरून येते. तिच्यात जागा बी असते."



भीमराज सदरा घालू लागला. रुखमाबाईनं त्याच्या खांद्याला हात लावायला पुढे केला आणि रंगाकडे पाहून मागं घेतला. मग तिनं गडवा उचलला आणि त्यातलं उरलंसुरलं पाणी ओंजळीनं भिंतीवर शिंपडलं.

"काय करून राह्यली?"

"चुन्याले पानी मारा लागते," ती म्हणाली. "उन्हाळा हाय. ओली नाई ठेवली तं पापुद्रे सुटून पडते." हे खरं होतं. वस्तीत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून शिंपडत राहिली. गडवा रिकामा झाला तरी ओंजळ दोनदा वर गेली.

भीमराजनं गळ्यापर्यंत लावलेली गुंडी सोडली. सदरा काढून खाटेवर ठेवला. दाराशी दोन बादल्या पालथ्या होत्या. त्यानं दोन्ही उचलल्या.

"अरे, मोटार," रुखमाबाई म्हणाली.

"पानी तं आनू दे," तो म्हणाला. "भिंत पडन नाईतं."

विमल गाठोडं घेऊन बाहेर आली होती. तिनं नवऱ्याच्या हातातल्या बादल्या पाहिल्या, सासूची पाठ पाहिली, रस्त्याकडे पाहिलं. मग गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि त्यावर बसली. "संध्याकाळच्या मोटारीत जागा असते म्हने," ती म्हणाली. "पन संध्याकाळच्याच. उद्याच्या नाई."

"संध्याकाळच्याच," भीमराज म्हणाला.

वस्तीच्या विहिरीचं पाणी वैशाखात तळाला गेलं होतं. दोर बराच सोडावा लागायचा, आणि बादली वर यायची ती अर्धी. भीमराज पोहोचला तेव्हा त्याच्या पुढं तीन बाया उभ्या होत्या. तेवढ्यात मागून इंदूबाई आली, तिच्यामागं आणखी एक म्हातारी. रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. भीमराज बाजूला सरला आणि त्या दोघींनाही त्यानं पुढं जाऊ दिलं.